उंच खांबावरचा बावटा

मामांनी एकवीस वर्षांत समुद्राला एकही माणूस दिला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलायचे नाहीत. मीच बोलायचे, येईल त्या पाहुण्यापुढे, आणि ते मला दटावायचे, "तोंड आवर गं. पाणी ऐकत असतं." माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचं दटावणंही नावापुरतंच असायचं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मामा होड्या दुरुस्त करायचे. एका हातात करवत आणि दुसऱ्या हातात माझी वेणी, अशा अवस्थेत त्यांनी मला वाढवलं. वेणी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, वाकडीच यायची. लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तुझ्यासारखी एक घरात असताना दुसरी कशाला?" पुढे बेटावर विश्रामगृह झालं, बारा खोल्यांचं. मी तिथे धुण्याच्या कामाला लागले आणि मामांना किनाऱ्याची राखण मिळाली.

किनाऱ्यावर तीन खांब आहेत. खडकाकडचा सगळ्यात उंच, त्यावर लाल बावटा लागतो: पाण्यात उतरायचं नाही. मधल्यावर पिवळा: कमरेपर्यंत, सांभाळून. पायऱ्यांजवळच्या बुटक्यावर हिरवा: खुशाल पोहा. तसा फलकही आहे फाटकाशी, रंगांची चित्रं काढलेला. कोणत्या खांबावर कोणता रंग हे मात्र फलकावर नाही. ते लिहायची गरज कधी कोणाला वाटली नाही, कारण आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं.

कोणता बावटा लावायचा हे मामा पहाटे ठरवायचे. नारळाचं सुकं सोडण घेऊन गुडघाभर पाण्यात जायचे, ते सोडून द्यायचे आणि मनात आकडे मोजायचे. पन्नास म्हणायच्या आत सोडण खडकाच्या पलीकडे गेलं तर लाल. बाकी लाटा उंच की बुटक्या, वारा कुठला, आभाळ कसं, हे ते बघायचेच, पण विश्वास सोडणावर. त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं, तरुणपणी खोल बुड्या मारल्या होत्या त्याचं बक्षीस. म्हणून बोलायचेही थोडं मोठ्यानं, आणि सगळे पाहुणे दोन दिवसांत त्यांना मामाच म्हणायला लागायचे.

"पहिल्या दिवसाचा पाहुणा मला चालतो," ते म्हणायचे. "तो घाबरलेला असतो. मला धास्ती शेवटच्या दिवसाची. सहा दिवस समुद्रानं लाड केलेले असतात, त्यांना वाटतं आता ओळख झाली."

आता बावट्याचं सांगते, कारण ते लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. लाल बावट्याचा लाल रंग उडाला होता. चार वर्षं ऊन आणि खारं वारं खात होता तो. वर दर आठवड्याला मी तो धुवायचे, कारण मिठानं कापड ताठ झालं की फडफडत नाही. आणि कशात धुवायचे? चादरींबरोबर, पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत. लाल गेला, नारंगी झाला, मग जेवणाच्या मेजावरचा हळदीचा डाग धुतल्यावर उरतो तसा झाला. पिवळा त्याहून विटून जवळजवळ पांढरा झाला होता. आमच्यापैकी एकालाही हे दिसलं नाही. आंधळे नव्हतो आम्ही. आम्ही कापडाकडे बघतच नव्हतो, खांबाकडे बघत होतो. उंच खांबावर काहीतरी फडफडतंय म्हणजे लाल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बरं, इतके दिवस निभावलं कारण लाल दिवशी मामा स्वतः पायऱ्यांशी उभे राहून एकेकाला परत पाठवायचे. पाहुणे बावटा वाचत नव्हते, मामांना वाचत होते.

त्या आठवड्यात सात नंबरच्या खोलीत एक जोडपं होतं. दोघं पंचावन्नच्या आसपास. तो बस चालवायचा, बत्तीस वर्षं. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं मिळून कुठे गेली होती. आधी मुलं, मग सासूचं आजारपण, मग घराचं काम, नेहमीचंच. ती मला म्हणाली, "ताई, आम्ही हनिमूनला आलोय, फक्त अठ्ठावीस वर्षं उशिरा." आणि स्वतःच इतकी लाजली की मला हसू आवरेना.

मला ती दोघं आवडली होती. खोली लखलखीत ठेवायची. टॉवेल घडी करून द्यायची, धुवायला टाकायचा टॉवेल हो! तो नाकासमोर चालणारा माणूस. पहिल्याच दिवशी फलकापुढे उभा राहून त्यानं सगळं वाचलं आणि तो मामांना म्हणाला, "पिवळ्याला हळू जायचं, लालला थांबायचं. आमच्यासारखंच की."

"तुमच्यासारखंच," मामा म्हणाले. "फक्त इथं दंड जागेवर होतो."

तो खूप हसला. सहा दिवस हिरवा आणि पिवळाच होता. मामांनी 'आज पिवळा' म्हणून सांगितलं की तो कमरेच्या वर एक वीतसुद्धा गेला नाही. मामा मला म्हणाले, "असे पाहुणे मिळाले तर मी खुर्चीत झोपा काढीन."

सातव्या दिवशी तीनच्या लाँचनं त्यांना जायचं होतं. त्या पहाटे मी उठून चूल पेटवत होते तेव्हा मामा भिजलेल्या पायांनी आत आले आणि चुलीशी बसले.

"काय झालं?"

"तीसच्या आत गेलं."

"लाल मग."

"लाल तर लाल. पण पाणी वरून बघ जाऊन. वर काही नाही. तळ्यासारखं आहे." त्यांनी चहाची कपबशी घेतली आणि तशीच खाली ठेवली. "मला असलं पाणी आवडत नाही. तोंडावर हसणारं."

मी जाऊन बघितलं. खरंच, दोन्ही बाजूंना लहान लाटा फुटत होत्या आणि मधे, खडकाच्या अलीकडे, इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत पट्टा होता. अनोळखी माणूस म्हणेल, उतरायचं तर इथंच. आत खेचणारी ओढ तिथेच असते. मग वाटलं, मामा आहेत की. आणि मी कामाला गेले.

अकराला जाणाऱ्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. जोडप्याच्या दोन बॅगा माझ्या धुण्याच्या खोलीबाहेर आणून ठेवल्या. साडेअकराच्या सुमाराला ती आली.

"ताई, दोन जुने टॉवेल देता का? आमचे बॅगेत गेले. शेवटचं एकदा पाय बुडवून येतो."

"घ्या की." पाहुण्यांना त्यांच्या गावाचं नाव घेऊन चिडवायची माझी सवय, पण यांचं गाव मला ठाऊक नव्हतं, म्हणून म्हणाले, "तिकडे नळाखाली पाय धरून बसा मग सहा महिने."

ती हसली. मागे तो उभा होता, पोहण्याची चड्डी आणि वर प्रवासाचा सदरा. मी टॉवेल दिले. बावट्याचं बोलले नाही. पाय बुडवणार म्हणाली, मला ते खरं वाटलं, आणि माझ्यापुढे सगळ्या खोल्यांच्या चादरी होत्या. तेवढं एक वाक्य माझ्या तोंडातून का निघालं नाही, एरवी तर माझी टकळी थांबत नाही.

पुढचं मामांनी सांगितलेलं आणि तिनं सांगितलेलं जोडून सांगते.

सकाळपासून मामांनी सातजणांना परत पाठवलं होतं. ही दोघं आली, वाळूत टॉवेल अंथरून बसली, एकमेकांचे फोटो काढायला लागली. मामांनी बघितलं. दुसरं कोणी असतं तर ते उठून गेले असते. पण हा ड्रायव्हर होता. लाल लागलेला असताना हा उतरणार नाही, अशी त्यांची खात्री. घसा सुकला होता म्हणून ते खुर्चीवरून उतरून मागच्या नळावर पाणी प्यायला गेले. चार मिनिटं, ते म्हणतात. पाच असतील.

त्या चार-पाच मिनिटांत त्यानं बायकोला विचारलं, "लाल नाही ना गं?" उन्हात बघायला त्याला त्रास व्हायचा, चष्मा बॅगेत गेला होता. तिनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाली, "अहो, पिवळा आहे. चला, कमरेपर्यंत तर जाऊ."

ती दोघं कमरेपर्यंतच गेली. तिथून पुढे नेलं ते पाण्यानं.

मामा परत आले तेव्हा दोन डोकी गळ्यापर्यंत दिसत होती आणि गुळगुळीत पट्ट्यात होती. त्यांनी शिट्टी फुंकली. दोन्ही हात वर करून हलवले, या, परत या. त्या दोघांनी तिकडून हात वर केले आणि हलवले. सहा दिवस मामा येता-जाता त्यांना शिट्टी मारून हात करायचे, आज तर निरोपाचा दिवस. दोघं हसत होती, मामा म्हणतात. मला ते हसणं स्वप्नात दिसतं, मी बघितलेलं नसतानाही.

मग तिचा हात खाली गेला आणि वर आला तो वेगळा आला.

मी शिट्टी ऐकली. एक लांब शिट्टी नेहमीची. ही तुटक तुटक होती, श्वास न घेता मारलेली. हातातली चादर टाकून मी धावले. मामा रबरी कडं घेऊन पाण्यात शिरले होते. अडुसष्ट वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून पोहायची बंदी केलेले. मी किनाऱ्यावरून ओरडत होते, "मामा, मागे फिरा!" हे मी कबूल करते. त्या क्षणी मला ती दोघं नको होती, माझा म्हातारा हवा होता.

ओढीच्या विरुद्ध पोहायचं नसतं. ते ओढीबरोबर गेले आणि तिच्यापर्यंत पोचले. नवऱ्यानं तिला कड्याच्या दिशेनं ढकललं. तिनं कडं धरलं. त्याच्यासाठी मामांनी हात लांब केला. वीतभर कमी पडला.

आमचा लाँचवाला, ज्याला सगळे 'सावकाश' म्हणतात कारण त्याला कधी घाई करताना कोणी बघितलेलं नाही, तो त्या दिवशी अनवाणी धावत धक्क्यावर गेला आणि छोटी होडी काढली. मामा आणि ती मिळाले. मग लाँच घेऊन नवऱ्याला शोधत तो तीन तास फिरला. सव्वातीनला खडकाच्या पलीकडे नवरा सापडला. ज्या लाँचनं त्यांना घरी जायचं होतं, त्याच लाँचनं त्याला धक्क्यावर आणलं.

तिला मी माझ्या धुण्याच्या खोलीत बसवलं होतं, कारण तिथे ऊब असते. कोरड्या चादरी तिच्याभोवती गुंडाळल्या. ती रडत नव्हती. पाणी देत होते ते हातात धरून बसली होती. मधेच तिनं खिडकीतून उंच खांबाकडे बोट दाखवलं.

"ताई, पिवळाच आहे ना हो तो?"

मी खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, "लाल आहे."

विचार करून नाही. दोन आणि दोन किती असं विचारल्यावर माणूस बोलतो तसं. तिनं मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं.

चारला समोरच्या गावाहून हवालदार आला. तरुण होता, बेटावर पहिल्यांदाच आलेला, बूट वाळूनं भरले म्हणून वैतागलेला. माझ्या इस्त्रीच्या मेजावर त्यानं कागद पसरले. विश्रामगृहाच्या मालकीणबाई, एरवी नाकानं कांदे सोलणाऱ्या, आज दाराची चौकट धरून उभ्या. सावकाश भिंतीला टेकलेला. मामा उभे, कपड्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. मी कोरडे कपडे दिले होते ते त्यांनी घातले नव्हते.

"बावटा कोणता होता?" हवालदारानं विचारलं.

"लाल," मामा म्हणाले. "पहाटे मी स्वतः चढवला."

"लाल," मालकीणबाई म्हणाल्या.

"लालच," सावकाश म्हणाला.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. तेच तर भयंकर होतं. मी धरून चार माणसं खरं बोलून एका बाईला खड्ड्यात लोटत होती.

"मला पिवळा दिसला," ती म्हणाली. कोणाशी भांडत नव्हती. टपालाच्या खिडकीवर चुकलेला पत्ता सांगावा तसं सांगत होती. "त्यांनी मला विचारलं होतं. लाल नाही ना, म्हणून. मी म्हटलं, पिवळा आहे, चला. ते येतच नव्हते. मी नेलं."

मामा तिच्यापुढे जरा वाकले. "पोरी, लाल होता गं," हळू आवाजात म्हणाले. आरोप नव्हता त्यात, ते तिला समजावत होते. "उन्हात चुकतं एखाद्याचं."

"म्हणजे मी मारलं त्यांना," ती म्हणाली.

हवालदारानं लिहायला सुरुवात केली.

मला त्या खोलीत बसवेना. तोंड वळवायचं म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. तिला ज्याच्या आधारानं बाहेर काढलं ते रबरी कडं कोणीतरी उंच खांबाच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं होतं. कडं लाल होतं. त्याच्या बरोबर वर बावटा होता. आणि ते दोन रंग एक नव्हते.

मी पुन्हा बघितलं. डोळे चोळले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझं उलटं झालं, डोक्यापासून पायापर्यंत गार पडत गेले. मी धुतलेला. माझ्या या दोन हातांनी, या खोलीत, त्या टबात.

खरं सांगते, मला लगेच गप्प बसावंसं वाटलं. मामांची एकवीस वर्षं होती एका बाजूला. त्यांच्याजवळ दुसरं काय होतं? ना घर स्वतःचं, ना बायको, ना मूल. एक वाकड्या वेणीची भाची आणि ही एकवीस वर्षं. मी बोलले नाही तर कोणाला कळणार नव्हतं. बेटावर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पुढेही आलं नसतं. ती बाई उद्या निघून गेली असती. फक्त जाताना नवऱ्याचा खून बरोबर घेऊन गेली असती, आणि टपालाच्या खिडकीवर बसून जन्मभर तो सांभाळत राहिली असती.

मी बाहेर गेले. दोरी सोडली, बावटा उतरवला, आत येऊन हवालदाराच्या कागदांवर टाकला.

"साहेब, हा रंग कोणता?"

"अहो, कागद भिजतील," तो म्हणाला. मग बघून म्हणाला, "पिवळा. का?"

मालकीणबाई पुढे आल्या. सावकाशनं भिंत सोडली. दोघं बावट्याकडे असे बघत होते, जणू कोणी अनोळखी माणूस घरात आलाय.

मामांनी तो उचलला. उजेडाकडे धरला. मग कडेची शिवण अंगठ्यानं चाचपली, दातांनी दोरा तोडला आणि आतली दुमड उघडली. आत बोटभर पट्टी होती, गडद लाल, काल रंगवल्यासारखी. ऊन आणि माझी पावडर तिथवर पोचली नव्हती. मामांनी ती पट्टी बघितली, मग बाकीचं कापड बघितलं. मी त्यांच्याजवळ गेले.

"मामा, मी धुतला," मी म्हणाले. "दर आठवड्याला. चादरींबरोबर."

"धुणारीचं काम धुणं," ते म्हणाले. "बघणं माझं काम."

हवालदारानं लेखणी उचलली. "मग मी लिहू काय? सगळे तर लाल म्हणालात."

"खोडा ते," मामा म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या इतक्या मोठ्या आवाजात, की व्हरांड्यातल्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं असेल. "पिवळा होता, असं लिहा. मी लावला असं लिहा. बाईंनी बरोबर बघितलं, असंही लिहा, विसरू नका." मग ते तिच्याकडे वळले. "पोरी, तुझी चूक नाही. तू जे होतं ते बघितलंस. आमच्यापैकी एकानंही बघितलं नाही."

मला वाटलं, ती त्यांच्या अंगावर धावून जाईल. मी मधे पडायला एक पाऊल पुढेही टाकलं. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिच्या हातातला पेला कलंडला, आणि दुपारपासून पहिल्यांदा ती रडायला लागली. नवऱ्याला हाका मारून, मोठ्यानं, जशी कोणतीही बाई रडेल तशी. मी तिला धरलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

हवालदारानं खाली मान घालून ओळ खोडली आणि नवीन लिहिली. मामांनी सही केली. बावटा त्यांच्या हातात तसाच होता आणि ते मेजापाशी उभे होते, ओल्या कपड्यांत, आणि त्यांना बसा म्हणायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.